पुढच्या वेताची कोकरं

मी अमेरिकेला निघालो त्या सकाळी आम्ही शेळगावच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे होतो. वडिलांचे मित्र सोपानआबा त्यांना म्हणाले, "तात्या, एवढं शिकलेलं पोरगं दिऊन टाकलंस. बदल्यात काय घेतलंस?"

"फुडच्या वेताची कोकरं!" तात्या म्हणाले, आणि सगळे हसले.

आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. मेंढी द्यायची आणि तिच्या अजून न जन्मलेल्या कोकरांवर हक्क ठेवायचा, अशी रीत होती. आई तेवढी हसली नाही.

इथे मी एका बास्केटबॉल संघाच्या कार्यालयात आकडेमोड करतो. गावाकडच्यांना हे काम ओळखीचं वाटेल. खेळाडूंच्या एकूण पगाराला मर्यादा असते. म्हणून जुना, महाग खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचा आणि येत्या वर्षांत नवी पोरं आधी निवडण्याचा हक्क घ्यायचा. त्या हक्काला इथे पिक म्हणतात.

या हिवाळ्यात आमच्या संघातल्या जुन्या खेळाडूचा, मार्कसचा, सौदा माझ्याकडे आला. त्याचे गुडघे दुखरे, पगार मोठा, आणि आमचा संघ हरणारा. समोरच्या संघाकडून दोन चांगले पिक मिळत होते. गणित सरळ होतं, तरी सौदा करावा की नाही याचा अहवाल मी लांबवत राहिलो. सरावानंतर थांबून मार्कस नव्या पोरांना पाय कसे रोवायचे ते शिकवायचा. त्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

शेजारचा सहकारी हसला. "अरे, पिकचे गुडघे दुखत नाहीत. जो अजून आलाच नाही, त्याचा नेम चुकेल कसा?"

खरंच होतं ते. तात्यांनीही न आलेल्याचाच भरवसा धरला होता. मी परतेन, लग्न करीन, अंगणात नातवंडं खेळतील. गेल्या वर्षी ते गेले. मी पोचलो तेव्हा दहावा उरकला होता.

शेवटी मी लिहिलं, सौदा करावा. आजही तेच लिहीन. मार्कस बुटांची पिशवी खांद्याला लावून सगळ्यांचा निरोप घेत माझ्या दारापर्यंत आला, हात मिळवला आणि गेला.

रविवारी फोनवर आईला सांगितलं, की एक चांगला माणूस आम्ही दुसऱ्या गावाला धाडला.

"चुकला व्हता का काय?"

"न्हाय गं. पगारात बसत नव्हता."

आई म्हणाली, "त्येच्या घरी कोण कोण हाय?"

मार्कसची उंची, उडी, नेम, गुडघ्यांचे एक्स-रे, सगळं मला पाठ होतं. हे माहीत नव्हतं.

"इचारायचं तरी, बाळा."

शेळगावचं घर तसंच आहे, पण घर म्हटलं की आता मला त्याच्या भिंती आठवत नाहीत. जाणाऱ्याच्या मागे कोण उरलं, हे आधी विचारणारं एक माणूस तिकडे आहे. ते आहे तोवर घर आहे.