शिडीखालचे हात

मुंबईच्या गोदीतली हमाली सोडून कोंडाजी १९३४ साली म्हसळ्याजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली चामड्याचा फुटबॉल होता. भात कापून मोकळ्या झालेल्या मार्तंड पाटलाच्या शेतात त्यानं पोरं जमवली. पोरं आभाळात लाथा हाणू लागली.

कोंडाजीनं चेंडू काखेत धरला. "मोरू, गेल्या शाकारणीला शिडीवर कोण हुता?"

"मीच की."

"खालच्यानं कौल कवा सोडलं?"

"माझा हात पोचल्यावर."

"आन आधीच सोडलं असतं तर?"

"खालच्याच्याच डोस्क्यात पडलं असतं, काका."

पोरं खिदळली. कोंडाजीही हसला. "मंग चेंडूबी कौलच समज. घेणारा तयार हाय का बघ, तवाच सोड. आन सोडलास की लगेच हात मोकळे, पुढचं कौल यायचं हाय."

रोज संध्याकाळी हेच. चेंडू ह्या पायाकडून त्या पायाकडे, भुईला चिकटून. पाटील बांधावरून बघत राहायचा.

"कोंडाजी, ह्यो खेळ हाय का हळदीकुंकू? म्हसळ्यावाल्यांकडनं हरलात तर पुढल्या साली भातामागं हितं वाल पेरीन."

गावात एवढं सपाट शेत दुसरं नव्हतं.

म्हसळ्याचे गडी सामन्याला आले ते मांड्या थोपटतच. तरी पहिला गोल आपल्या दादूनं केला आणि बांध नाचू लागला. "मार लांब!" लोक ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज पाटलाचा. मोरूला चढलं. त्यानं हाणला लांब, चेंडू थेट म्हसळ्यावाल्यांना मिळाला, आणि बघता बघता बरोबरी झाली.

मोरूनं मान खाली घातली. कोंडाजीनं फक्त दोन्ही तळहात वर धरले, शिडीखाली धरतात तसे.

मोरूला कळलं. चेंडू पुन्हा भुईला लागला. म्हसळ्यावाले धावून धावून धापा टाकू लागले, चेंडू काही हाती येईना. बांधही ओरडायचं विसरला. शेवटी गोलापाशी दादू मोकळा दिसला. मोरू थांबला, दादूचा पाय वळेपर्यंत थांबला, आणि मग सोडला.

गोल.

पाटील बांधावरून उतरून आला. "वाल वरच्या तुकड्यात पेरीन म्हणतो. आन वैशाखात माज्या घराची शाकारणी हाय. तुजी पोरं धाडशील?"

"धाडतो की," कोंडाजी म्हणाला. "फकस्त तुमी शिडीखाली उभं ऱ्हाऊन 'मार लांब' म्हनायचं न्हाय."