धापकाकांनी राखलेला श्वास

पडद्यावरचा तो परदेशी हेर तीस वर्षं आपल्या भाषेत बोलला तो एका नामांकित नटाच्या आवाजात. पण धावला, पडला, मार खाऊन उठला तो धापकाकांच्या श्वासात. संवाद म्हणणाऱ्याचं नाव पडद्यावर यायचं, धापकाकांचं कधीच नाही. त्याची त्यांना खंत नव्हती. संवाद काय, कागद हातात दिला की कुणीही म्हणतो. दमायला मात्र अंगात असावं लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

या धंद्यात ते आले तेच मुळी धापा टाकत. डबिंगच्या स्टुडिओत ते हमाल होते. एकदा फिल्मचे जड डबे घेऊन तीन जिने चढले आणि नेमके चालू माइकसमोर येऊन टेकले. आतला रेकॉर्डिस्ट ओरडला, "हलू नकोस! असाच दम खात राहा." पडद्यावर हेर छपरांवरून पळत होता. त्या दिवशी डोक्यावरचे डबे उतरले आणि हेर गळ्यात पडला. पुढे पडद्यावर हेराचं काम करणारे नट चार वेळा बदलले, श्वास मात्र तोच राहिला.

त्यांची एक रीत होती. आधी प्रसंग मुका बघायचा, उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठेवायचं. नटाने श्वास घेतला की बोट वर, सोडला की खाली. दोनदा बघितलं की बोटाला पाठ व्हायचं, आणि बोटाला झालं की छातीला.

बायको हेराचा एकही सिनेमा शेवटपर्यंत बघू शकली नाही. "मारतात त्याला, पण कण्हता तुम्ही," ती म्हणायची. "ते मी तिकीट काढून कशाला ऐकू?"

मग सुपरहिरो आले. अंगाला चिकटलेले कपडे घालून आभाळात भटकणारी ही माणसं दोन वर्षांत गाशा गुंडाळतील, असं धापकाका छातीठोकपणे सांगायचे. गाशा गुंडाळला तो हेराने. मोठी खोली सुपरहिरोंकडे गेली, हेराला मागची मिळाली, जिथली एकुलती एक खुर्ची बसलं की कुरकुरायची. चहाच्या टेबलावर दोन तट पडले. "काका, तुमचा म्हातारा जिना चढताना मध्ये बसतो म्हणे?" मोठ्या खोलीतले विचारायचे. "बसतो ना. तुमचा दमतच नाही, मग जिंकला त्यात कसलं कौतुक?" धापकाका उत्तर द्यायचे. सगळे हसायचे, पण उडणाऱ्याला धाप लागत नाही, आणि लागलीच तर ती यंत्रातून काढतात, हे धापकाकांना कळून चुकलं होतं.

त्यांची मुलगी त्याच स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होती. हाताची पक्की, जिभेची त्याहून पक्की. सकाळी सुपरहिरो, दुपारी हेर. "दोन घरचा पाहुणा उपाशी," असं वडील चिडवायचे. "तुम्ही एकाच घरचे, तरी कुठे जेवलात?" असं ती परतवायची.

यंदा दोन्ही सिनेमे एकाच शुक्रवारी लागणार होते. कोण कुणाला खातो यावर पैजा लागल्या होत्या. सुपरहिरोंपुढे हेर टिकणार नाही हे सिनेमा काढणाऱ्या कंपनीने ओळखलं होतं. म्हणून शेवटच्या प्रसंगात हेराला मारायचं ठरलं. मरून तरी गर्दी खेचेल. मालिका तिथेच संपणार होती.

त्याच सुमारास बायकोची फुप्फुसं थकली. दवाखान्यात तिच्या खाटेशी बसले असताना धापकाकांचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. वर, खाली. मुलीने ते पाहिलं.

"बाबा, इथेही?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आईचंसुद्धा पाठ करताय? हेराला द्यायला?"

त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. खोटं कशाला सांगा, ती चोरी होती की सोबत, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मुलगी रागारागाने सुपरहिरोचं अडलेलं काम उरकायला निघून गेली. दोन तासांनी परत आली तेव्हा आई गेलेली होती. त्यानंतर ती वडिलांशी फक्त कामाचं बोलायची. "रेडी." "पुन्हा एकदा." "ओके."

आणि आता हेराच्या मरणाचा दिवस उजाडला. काचेपलीकडे मुलगी, तिच्या शेजारी कंपनीचे साहेब. पहिला श्वास झाला. दुसरा झाला.

"फारच सिनेमातला वाटतो," साहेब म्हणाले. "काका, खरं माणूस जातं तसं द्या ना. कुणाला जाताना पाहिलं असेलच की तुम्ही."

बिचाऱ्या साहेबांना काही ठाऊक नव्हतं. मुलीचा हात बटणावर थिजला. तिने काचेतून वडिलांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

धापकाकांना सगळं पाठ होतं. ते एकदा दिलं असतं तर शुक्रवारी थिएटरं ढसाढसा रडली असती, उडणारे सगळे खाली आले असते, आणि हा श्वास कुणाचा म्हणून तीस वर्षांनी कुणीतरी विचारलं असतं. मोह झाला. चांगलाच झाला. त्यांनी बोट गुडघ्यावर ठेवलं, क्षणभर तसंच राहू दिलं, मग हात उचलून खिशात घातला. आणि तीन जिने चढून डबे खाली ठेवताना सोडतात तसा एक साधा श्वास हेराला दिला.

"ठीक आहे," साहेब उठत म्हणाले. "चालेल."

ते गेले. लाल दिवा विझला. मुलगी काचेपलीकडून खोलीत आली.

"हातचं राखलंत."

"हो."

"का?"

"ते तिचं होतं." "बोट सवयीने हललं गं, मग थांबवता येईना. ती घेईल तसा मीही श्वास घेत होतो. ती थांबली. मला मात्र पुढचा घ्यावा लागला."

ती कुरकुरत्या खुर्चीवर बसली.

"मी नव्हते, बाबा. तुमच्यावर चिडून गेले आणि त्या उडणाऱ्याच्या पाठीवरच्या शेल्याची फडफड लावत बसले." तिने डोळे पुसले. "कशी गेली आई? मला सांगा."

धापकाकांनी माइकची वायर उपटून ठेवली. मग तिचा तळहात आपल्या मांडीवर उघडून घेतला आणि त्यावर बोट टेकवलं. वर, खाली. चार वेळा, लहान लहान. मग ते थांबलं. ती वाट पाहत राहिली. बोट पुन्हा एकदा, अगदी थोडं, वर गेलं. खाली आलं तेव्हा तिने ते मुठीत घट्ट धरून ठेवलं.