प्रेसिडेंट लॅबच्या दाराबाहेर

“तुम्हाला आत येता येणार नाही,” लॅबप्रमुख फ्राऊ क्रेमर म्हणाल्या.

ओगावा-सान दारातच थांबले. हातात स्क्रू-ड्रायव्हर, कोट काढून खांद्यावर टाकलेला. ते आमच्या कंपनीच्या युरोप विभागाचे प्रेसिडेंट. त्याआधी टोकियोत त्यांनी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम कन्सोल डिझाइन केले होते. प्रेसिडेंट झाल्यापासून त्यांचा दिवस स्लाइड्स बघण्यात जाई. स्क्रू-ड्रायव्हर मात्र खिशातून गेला नव्हता.

“का?”

“तुमचं उंटरवायझुंग झालेलं नाही.”

उंटरवायझुंग म्हणजे सुरक्षिततेची शिकवणी. ती घेतल्याशिवाय आमच्या फ्रँकफर्टच्या लॅबमध्ये कोणालाही प्रवेश नाही.

“पण या यंत्राचा आराखडा माझा आहे.”

“हो, यंत्राचा तुमचा. लॅबचा नाही. पुढची शिकवणी गुरुवारी.”

मी आत उभी राहून हसू दाबत होते. वेळ हसण्याची नव्हती. मी थर्मल इंजिनिअर, म्हणजे यंत्र तापू नये हे पाहणारी. नव्या कन्सोलचा पंखा माझ्या टीमचा. घरी खेळून पाहणारे टेस्टर म्हणत होते, तो घों घों करतो. लॅबमध्ये मात्र तो अगदी गप्प. संध्याकाळच्या कॉलपर्यंत कारण सापडलं नाही, तर टोकियोचं मुख्य ऑफिस जुना, मोठा पंखा बसवणार होतं. आमचं सगळं काम कचऱ्यात.

ओगावा-सान क्षणभर विचारात पडले. “मी आत येऊ शकत नाही. कन्सोल बाहेर येऊ शकतो?”

फ्राऊ क्रेमरनी नियम मनातल्या मनात तपासले. “गेनाऊ, अगदी बरोबर. तो येऊ शकतो.”

कॉरिडॉरमध्ये टेबल नव्हतं. कॉफीच्या कपांचं पत्र्याचं कपाट होतं. मी कन्सोल त्यावर ठेवला, चालू केला. घोंऽऽ! आतले कप किणकिणू लागले.

प्रेसिडेंट कपाटाला कान लावून उभे राहिले. अकाउंट्सचे दोघे कॉफीला येत होते, ते आल्या पावली परत गेले. ओगावा-साननी कन्सोल हातात उचलला. शांत. खाली ठेवला. घोंऽऽ.

“केतकी-सान, तुमचा पंखा निर्दोष आहे. कपाट बोलतंय.”

पंख्याची बारीक थरथर कन्सोलच्या कडक पायांतून पोकळ कपाटात उतरत होती. सतारीचा भोपळा तारेचा आवाज मोठा करतो, तसं ते कपाट करत होतं. लोकांच्या घरी टीव्हीखाली असतात ती कपाटंही पोकळच. लॅबच्या टेबलावर मात्र आम्ही जाड फोम अंथरला होता.

ओगावा-साननी किचनमधला स्पंज कापून चारही पायांखाली सरकवला. आवाज बंद.

“तो भांड्यांचा होता,” फ्राऊ क्रेमर म्हणाल्या.

संध्याकाळी टोकियोनं विचारलं, कारण कसं सापडलं? ओगावा-सान म्हणाले, “मला बाहेर उभं केलं होतं.”

पंखा माझाच राहिला. कन्सोलला मऊ रबराचे पाय आले. ते पत्र्याचं कपाट आता लॅबमध्ये आहे आणि प्रत्येक नवं यंत्र आधी त्यावर चालवलं जातं. फोमवर सगळीच यंत्रं शहाण्यासारखी वागतात.