खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी

आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्यावर मनू कोळी राहतो. त्याची जुनी पिकअप दारासमोरच उभी असते. सकाळी ती खोकत खोकत सुरू झाली, की आमच्या मजल्यावरची भांडी वाजतात आणि घरात चहा ठेवला जातो. घड्याळ कोणी बघत नाही.

मनूचं काम एकच. भाऊच्या धक्क्यावरून कोळणींच्या मासळीच्या टोपल्या दादरच्या बाजारात पोचवायच्या. टोपल्यांबरोबर कोळणीही मागे बसायच्या, आणि काय तो कलकलाट म्हणता! कोणाच्या सुनेने काय केलं, पापलेट कितीला गेलं, मनूने दाढी का वाढवलीय. मनूची बायको रखमा त्यांच्यातलीच. ती गेल्यापासून त्याच्या खोलीत टीव्हीसुद्धा लागत नाही. दिवसभरात माणसांचा आवाज कानी पडायचा तो तेवढ्या वाटेवर, केबिनच्या मागच्या खिडकीतून. स्वतः मनू फारसा बोलायचा नाही. ऐकायचा.

गेल्या थंडीत लालबागचा पूल परळकडे उतरताना त्याने ब्रेक दाबला तो सरळ तळाला गेला. मनूने गिअर टाकले, हँडब्रेक ओढला आणि गाडी दुभाजकाला घासत थांबवली. कोणाला खरचटलंही नाही, पण अर्धे बोंबील रस्त्यावर.

सुभद्राबाई, त्या सगळ्यांत वयाने मोठी, खाली उतरून ओरडली, "मेल्या, आम्हाला पण वाळत घालणार होतास काय रे?"

सगळ्या हसल्या. मनूला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी त्या एका नव्या टेम्पोत बसून गेल्या.

परळच्या गल्लीत रघु मेस्त्रीचं गॅरेज आहे. माणूस मालवणचा, जिभेचा तिखट. मनूबरोबर मीही गेलो, वरच्या मजल्यावरचा रिकामटेकडा म्हातारा. मला अशा ठिकाणी फार करमतं. रघु गाडीखालून बाहेर आला तो कपाळाला हात लावूनच.

"मनू, गाडी कसल्या पाण्यान धुतंस रे?"

"धक्क्यावरच्या. समुद्राच्या."

"वायच तरी लाज धर! ब्रेकचे पाइप सगळे गंजान खाल्ले. खाऱ्या पाण्यान कोण गाडी धुता?"

"रखमा म्हणायची, मासळीचा वास खाऱ्या पाण्यानेच जातो."

"टोपल्यांचो जाता रे, बाबा. गाडी काय टोपली?" मग रघु जरा नरमला. "पाइप, सिलेंडर, चारी चाकांचे लायनर. भंगारवालो गाडीचे जेवढे देतलो, त्यापेक्षा ह्या काम महाग पडतला. इकून टाक."

मनूच्या भावाचंही तेच म्हणणं. गाडी वीक आणि वसईला माझ्याकडे ये, आरामात राहा. मनूने खोलीमागच्या पडवीच्या गळक्या पत्र्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे आणले आणि रघुच्या हातात दिले. मी म्हटलं, "अरे, पावसात काय करशील?"

"बादली ठेवीन," तो म्हणाला. "आजोबा, गाडी नसली तर त्या बाया माझ्याशी कशाला बोलतील?"

गाडी तयार झाली. मनूने दाढी केली, मागच्या फळीवर नवं गोणपाट अंथरलं. मला म्हणाला, "चला धक्क्यावर, मजा बघा." मी काय, निघालोच.

सुभद्राबाईने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांकडे वाकून बघितलं. "केलास ब्रेक?"

"नवा कोरा. मावशी, बसा."

तिने इतर बायकांकडे पाहिलं. मग हाळी दिली आणि टोपल्या भराभर चढल्या. मनूचा चेहरा असा फुलला की काय सांगू! तेवढ्यात ती म्हणाली, "मासळी ने तू. तुझ्यासारखी सांभाळून कोण नेत नाही. आम्ही येतो बसने. ह्या पोरींची छाती अजून धडधडते रे बाबा, पुलाचं नाव काढलं की."

मनू "बरं" म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसलो. भायखळा मागे पडला, तेव्हा त्याने मागच्या खिडकीकडे एकदा पाहिलं.

"आजोबा, बोला काहीतरी."

मग मी त्याला माझ्या मामाची गोष्ट सांगितली. उतार आला की तो बैलगाडीला मागून लोंबकळायचा आणि ओरडायचा, "ब्रेक मी आहे!" एकदा नदीच्या उतारावर गाडी थांबली आणि मामा उडून नदीत. मनू हसला, अगदी मनापासून. हसून झाल्यावर मागच्या खिडकीतून पुन्हा कोणाचाच आवाज येईना. मी दुसरी गोष्ट काढली, मग तिसरी. दादरपर्यंत नव्या ब्रेकवर गाडी प्रत्येक सिग्नलला कशी अलगद थांबत होती.