परदेशी पाहुण्यांचे फेटे

सीमेवरच्या, पण कन्नड मुलखातल्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीला लागून आमचं शेत. शेजारची मोकळी जमीन परदेशी कंपनीसाठी राखून ठेवलेली. बाहेरचे गुंतवणूकदार बघायला यायचे असले की उद्योग खात्याचे साहेब आधी आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, निरोप धाडायचे. आसपासच्या गावांत फेटा बांधावा तर त्यांनीच. ते चुण्या घालणार आणि कापडाचं दुसरं टोक ताणून मी धरणार. आयटीआय होऊन घरीच होतो, आयताच सापडायचो.

कोरियाचे आले, जर्मनीचे आले. साहेबांनी कन्नडमध्ये भाषण केलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या, शहाळं प्यायले आणि गेले. गाडीत बसायच्या आधीच कुणी फेटा उतरवला की आप्पा म्हणायचे, "हे काय येत न्हाईत."

बाकीचे हसायचे, मला हसू यायचं नाही. निपाणीच्या मामाची मुलगी मला द्यायची हे लहानपणीच ठरलेलं. तिलाही मी पसंत होतो. पण मामाचं एकच, "कंपनी येऊ दे, तू नोकरीला चिकट, मग अक्षता." म्हणजे माझं लग्न परकीय गुंतवणुकीच्या धोरणावर अडलेलं. धोरण सारखं नवं यायचं.

शेवटी एक जपानी साहेब आला. त्याचा फेटा गाडीच्या छताला लागत होता, तरी मान वाकवून तसाच बसला. आप्पा म्हणाले, "ह्यो येतोय." मामानं मंगल कार्यालयाची चौकशी सुरू केली.

तो आला, पण सीमेपलीकडं, कोल्हापूरच्या बाजूला. तिकडं वीज स्वस्त मिळाली, करात सूट मिळाली. इकडं आमच्या जमिनीची फाईल या टेबलावरनं त्या टेबलावर फिरत राहिली. फेटा घातलेल्या जपानी साहेबाचा भूमिपूजनाचा फोटो पेपरात आला. आप्पांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "फेटा ढिला बांधलाय." मी नोकरीला अर्ज टाकला. तिथल्याच पोरांना आधी घेणार म्हणाले.

मग मामानं त्याच कंपनीतला मुलगा बघितला. मला लई लागलं, खोटं कशाला बोलू. आई तर भावाशी बोलायचीच बंद झाली. तरी लग्नाला गेलो, घरचं कार्य. नवरदेवाचा फेटा मामानं आप्पांनाच बांधायला सांगितला.

आप्पांनी कापड सोडलं आणि माझ्याकडं न बघता टोक पुढं केलं. मी धरलं.

"काका, जरा घट्ट बांधा," नवरदेव म्हणाला. पोरगा तसा चांगला होता.

"व्हय," आप्पा म्हणाले. मग मला, "नीट ताणून धर रं."

मी ताणून धरलं. सांज होईपर्यंत त्यानं फेटा उतरवला नाही.