अर्धी बॉबिन

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. पाठदुखीवरच्या ज्या व्याख्यानासाठी इंदापूर तालुक्यातल्या शाळांनी मला शाली दिल्या, त्यातलं एक अक्षरही माझं नाही. ते सगळं लासुर्ण्याच्या स्टँडजवळ कपडे शिवणाऱ्या यशवंत मास्तरांचं आहे.

तेव्हा मी बारामतीहून मोटारसायकलवर तिकडच्या एका शाळेत शिकवायला जायचो. वाकून वह्या तपासायच्या, उरलेल्या वेळात मोबाइलमध्ये मान घालायची. दोन खांद्यांच्या मधोमध, आपला हात पोचत नाही नेमक्या त्या जागी, कुणी स्क्रू पिळल्यासारखं दुखायचं. मलम चोळताना बायको विचारायची, "शाळेत एवढं उचलता तरी काय?" खडू, हे खरं उत्तर मी कधी दिलं नाही.

एकदा शर्ट शिवायला टाकला. मास्तरांनी पाठीवर टेप लावला, मग मापांची जुनी वही काढून पाहिली.

"सर, पाठ वाढलीय तुमची."

"वजन वाढलंय थोडं."

"वजन पुढं वाढतं. ही पोक काढून वाढलीय. मागनं पाऊण इंच जास्त, पुढनं तेवढंच कमी. दुखत न्हाय व्हय?"

जागा दाखवायला मी हात मागे नेला, तो निम्म्यातच अडकला. मास्तर हसले नाहीत, पण चष्मा पुसायला लागले. मलम लावतो म्हटल्यावर म्हणाले, "पाठीचा काय गुन्हा? कापड पुढनं आटलं की मागची शिवण ताणती. तुमची छाती आखडलीय. ती सैल करा, शिवण आपोआप गप बसंल."

चाळीस वर्षं मशीनवर बसून हा माणूस ताठ कसा, त्याचं मर्म त्यांच्या बॉबिनमध्ये होतं. मशीनच्या पोटात बसणारी ती दोऱ्याची चकती ते मुद्दाम अर्धीच भरायचे. दोरा लवकर संपायचा आणि उठावंच लागायचं. उठले की दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापासून टेकवून एक पाऊल पुढे टाकायचे, छाती उघडायचे. मग भिंतीला पाठ लावून हात सावकाश वर-खाली. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "थांबा जरा, दोऱ्याची सुट्टी हाय."

मलाही त्यांनी हे करायला लावलं. वर बजावलं, "हाताला मुंग्या आल्या तर माझ्याकडं यायचं न्हाय, डॉक्टरकडं जायचं."

मी दहा वह्या झाल्या की उठू लागलो. दोनेक महिन्यांत स्क्रू सैल झाला. शिक्षकखोलीत सगळे विचारू लागले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पुण्याचे एक मोठे डॉक्टर आहेत."

टेलरचं नाव घेतलं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं, असं मी स्वतःला समजावत आलो. खरं म्हणजे मला जाणकार दिसायचं होतं. शिवाय मास्तर बौद्ध वस्तीतले. त्याचा काही संबंध नव्हता असं लिहायला मला आवडलं असतं, पण आज खरं लिहायला बसलोय.

पुढे शिक्षकांच्या मेळाव्यात माझं व्याख्यान ठेवलं. मी पुण्याच्या डॉक्टरांना वंदन करून भिंतीला पाठ लावली आणि ऐटीत हात वर नेले. शेवटच्या रांगेतून आवाज आला, "सर, खांदे कानाला लागलेत. डॉक्टरांनी खाली ठेवाय सांगितलं न्हवतं का?"

यशवंत मास्तर होते. स्टेजचा नवा पडदा बसवायला आलेले. सभागृह हसलं. मला तिथंच सांगता आलं असतं. मी खांदे खाली घेतले आणि म्हणालो, "बरोबर. डॉक्टरही हेच म्हणाले होते."

पुढचे आठ महिने मी जुने शर्ट वापरले. शेवटी कॉलर विरली आणि जावंच लागलं. मास्तरांनी टेप लावला, वही पाहिली.

"अर्धा इंच कमी झालीय पाठ. डॉक्टर चांगला हाय तुमचा."

एवढंच. मग चहा मागवला. मी तो इतक्या घाईनं प्यालो की जीभ भाजली. भाजली नसती तरी बोललो नसतोच.

मागच्या वर्षी मास्तर गेले. त्यांच्या जलदान विधीला वंदना झाल्यावर मुलगा म्हणाला, "सर, दोन शब्द बोला. आबा तुमचं लई कौतुक करायचे." समोर आमच्या शाळेचे निम्मे शिक्षक बसले होते. मी उभा राहिलो. मास्तर मनमिळाऊ होते, कष्टाळू होते असं सांगितलं आणि खाली बसलो. बसताना पाठ मात्र अगदी ताठ होती.

मेळाव्याच्या त्याच सभागृहात, त्याच शिक्षकांसमोर मी अजून एक वाक्य देणं लागतो: पुण्याचा डॉक्टर कधीच नव्हता, हे सगळं मला यशवंत मास्तरांनी शिकवलं.