मोटारीला हळद लागली

घरात एक मोडकी मोटार येऊन पडली की किस्से आपोआप साठत जातात. माझ्याकडे तर इतके साठले की माहेरी गेले की कपातला चहा निवून जायचा. आधी मोटारीचं काय झालं ते सांग, असं सगळे म्हणत!

जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. आमची बैलजोडी म्हातारी होऊन गेली, आणि नवी घ्यायच्या पैशांत आमच्या ह्यांनी लष्कराच्या लिलावातली पिकअप घेतली. वांगी-मिरची मलकापूरच्या बाजारात ताजी पोचेल, हे ह्यांचं गणित. मोटार मात्र शेजाऱ्यांच्या दोन जोड्या लावून आमच्या गावापर्यंत, मोताळ्यापर्यंत, ओढत आणावी लागली.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिच्याभोवती एक चक्कर मारली. "पोळ्याले आपल्या घरचं कोनी तोरनाखाली उभं राह्यलं नाही, असं आजवर झालं नाही. तवापर्यंत चालली तं ठीक. नाही तं हे मोडीत घालीन अन् तुले दुसऱ्याच्या औतावर धाडीन."

त्यानंतर त्यांनी लेकाशी बोलणंच टाकलं.

*

मिस्तरी परवडत नव्हता, म्हणून सुपडा लोहार आला. त्याचा सगळा जन्म बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात गेलेला. त्याने आणि ह्यांनी मिळून इंजिन खोललं, घासलं, धुतलं आणि आठ दिवसांनी परत जोडलं. जोडून झालं तरी दोन बोल्ट हातात उरले. ह्यांचा चेहरा पडला.

सुपडा शांतपणे म्हणाला, "लढाईची गाडी हाय. गोळी लागन म्हून जास्तीचे देल्ले असतीन."

*

एका दुपारी माझी माहेरची गादी दिसेना. शोधता शोधता सापडली ती मोटारीच्या सीटवर! मला असा राग आला की मी तिथेच जाऊन आडवी झाले. दोन तास कोणाला कामाला हात लावता आला नाही. संध्याकाळी ह्यांनी घरचा कापूस पिंजून आणला आणि माझी गादी परत केली.

त्या मोटारीत पहिल्यांदा घोरलं ते इंजिन नव्हे, मी.

*

रेडिएटर चाळणीसारखा गळायचा. कोणीतरी ह्यांना सांगितलं की पाण्यात हळद टाकली की भोकं बुजतात. ह्यांनी सासूबाईंची वर्षाची हळद ओतली. मी रिकामा डबा घेऊन स्वयंपाकघरात उभी. पण गळती थांबली हो! पिवळे ओघळ तेवढे राहिले.

सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी ओघळावरून बोट फिरवलं. "हळद लागली म्हना," त्या म्हणाल्या. "आता वरात कवा काढता?"

*

वरात पोळ्याच्या दिवशीच निघायची होती. कुपनावर मिळालेलं पेट्रोल घातलं. हँडल मारून मारून ह्यांचे खांदे भरून आले, आणि दहाव्या-बाराव्या हिसड्याला ती धडधडायला लागली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर ओरडलेच!

मग ह्यांनी मागे घ्यायचा गिअर टाकला. गाडी हलेना. पुन्हा टाकला. तो गिअरच काम करत नव्हता! बैलांनी तिला नाकासमोर आत आणलेलं. पुढे अंगणाची मातीची भिंत, दार मागे, आणि दाराकडे चढ. ढकलूनही सरकेना, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांच्या खांद्यावर जू देत नाहीत. तिकडे मारुतीच्या पारापाशी वाजंत्री सुरू झालेली. हे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मला फार वाईट वाटलं.

मामाजी घरात गेले आणि कुदळ घेऊन आले. ती भिंत त्यांच्या वडिलांनी घातलेली. तिच्यावर त्यांनी पहिला घाव घातला. मग सुपडा सरसावला, मग मीही पदर खोचला. अर्ध्या तासात वाट झाली. मामाजी धोतर झटकून ह्यांच्या शेजारी चढून बसले, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा लेकाशी बोलले.

"चाल."

तोरणाखाली बैलांच्या रांगेत आमची पिकअप जुन्या जोडीची झूल पांघरून उभी राहिली. भिंतीची बातमी आमच्याआधीच तिथे पोचली होती. पाटील सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "काहो रामभाऊ, मोटार आनली म्हंता, पन ते मांगं काऊन जात नाही?"

मामाजींनी सावकाश त्यांच्या जोडीकडे पाहिलं.

"तुमच्या बैलानं औत मांगं ओढलेलं मी तं कवा पाह्यलं नाही, पाटील."